वडिलांच्या फोनमधलं ‘प्रीमियम’ यूट्यूब आणि रात्री दोनचे ओटीपी

माणदेशी_लेक (धागाकर्ती) · शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. लिहू की नको यात आठवडा गेला. पण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात, निदान आईवडिलांच्या फोनमध्ये, हे असणार असं वाटतं म्हणून लिहितेय.

माझे वडील ७१ वर्षांचे, गाव म्हसवडजवळ, एसटीतून निवृत्त. त्यांचा दिवस यूट्यूबवर उजाडतो आणि यूट्यूबवरच मावळतो. पहाटे हरिपाठ, दुपारी कुस्त्यांची मैदानं, रात्री कीर्तन. दिवाळीत आमच्या चुलतभावानं त्यांच्या फोनमध्ये ‘प्रीमियम यूट्यूब’ टाकून दिलं. जाहिरात नाही, फोन खिशात ठेवला तरी कीर्तन चालूच. अण्णा इतके खूश झाले की पारावरच्या आणखी पाच जणांच्या फोनमध्ये त्यांनीच ते टाकायला लावलं. ती फाईल भावानं व्हॉट्सअ‍ॅपच्या कुठल्यातरी ग्रुपवरून घेतलेली. कुणी बनवली, कुठून आली, त्यालाही ठाऊक नाही.

दोनेक महिने सगळं सुरळीत. मग फोन तापायला लागला, बॅटरी दुपारपर्यंत टिकेना. फोन जुना झाला, असं अण्णांनी ठरवून टाकलं. संक्रांतीला मी गेले तेव्हा सहज त्यांचे मेसेज उघडले. अण्णा मेसेज कधीच उघडत नाहीत, त्यामुळे सहाशेच्या वर न वाचलेले मेसेज, सगळे ठळक अक्षरांत. आणि त्या ठळक ओळींमध्ये दोनच ओळी फिकट, म्हणजे वाचलेल्या. दोन्ही बँकेचे ओटीपी. रात्री २ वाजून १० मिनिटांनी एक, २ वाजून १४ मिनिटांनी दुसरा. त्या वेळी अण्णा झोपलेले आणि फोन देवळीत चार्जिंगला लावलेला.

माझे हातपाय गार पडले. सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं तर त्या अ‍ॅपला मेसेज वाचायची परवानगी दिलेली, अ‍ॅक्सेसिबिलिटी (म्हणजे पडदा वाचायची आणि फोन स्वतः चालवायची मुभा) चालू. व्हिडिओ दाखवणाऱ्या अ‍ॅपला मेसेज कशाला वाचायचे असतात? लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, बँकेत कळवलं, खातं तात्पुरतं बंद करून घेतलं. पैसे गेले नाहीत, कारण जायला खात्यात नव्हतेच. पेन्शन जमा झाली की अण्णा दोन दिवसांत काढून आणतात. एसटीवाल्यांची पेन्शन ती केवढी, पण त्या जुन्या सवयीनं वाचवलं.

अ‍ॅप काढून टाकलंय. आता अण्णांना काय देऊ? खऱ्या यूट्यूब प्रीमियमचे महिना १४९ रुपये भरायचे का? आणि पारावरच्या त्या पाच फोनांचं काय करू?

---

कंपायलर_कोथरूड · शनिवार, रात्री १०.२५

ताई, आधी तातडीचं. अ‍ॅप काढून भागत नाही. अशी अ‍ॅपं मागे दुसरं काहीतरी सोडून जातात, ते यादीत दिसतही नाही. फोटो आणि नंबर बाजूला काढा आणि फोन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यासारखा करा. गूगलचा पासवर्ड अण्णांच्या फोनवरून बदलू नका, तुमच्या फोनवरून बदला. मग गूगल खात्यात ‘तुमची उपकरणं’ म्हणून यादी असते, तिथे ओळखीचं नसेल ते सगळं बाहेर काढा.

आता मूळ मुद्दा. मी अँड्रॉइडची अ‍ॅपं बनवतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येक अ‍ॅपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. आतला एक ठिपका जरी बदलला तरी ती सही मोडते आणि बदलणाऱ्याला स्वतःची सही ठोकून ते नव्यानं बंद करावं लागतं. म्हणजे तयार मिळणारी कुठलीही ‘मॉड’ फाईल (मूळ अ‍ॅपमध्ये फेरफार केलेली) ही सील तोडून पुन्हा सील केलेली वस्तू आहे. गॅसच्या सिलिंडरचं सील तुटलेलं दिसलं तर आपण डिलिव्हरीवाल्याला दारातून परत पाठवतो. इथे मात्र तेच घरात घेतो आणि त्याच फोनमध्ये बँक ठेवतो.

जाहिरातीशिवाय यूट्यूब दाखवणारं ‘व्हान्स्ड’ नावाचं मॉड होतं, लोकांच्या तोंडी ते नाव अजून आहे. ते खरं व्हान्स्ड २०२२ च्या मार्चमध्ये बंद झालं. गूगलकडून कायदेशीर नोटीस आल्यावर बनवणाऱ्यांनी स्वतःच जाहीर करून काम थांबवलं. त्यानंतर दुसऱ्या लोकांनी रीव्हान्स्ड सुरू केलं. ते तयार अ‍ॅप देतच नाहीत. ते फक्त बदलांचे तुकडे देतात आणि मूळ अ‍ॅपवर ते तुकडे ज्यानं त्यानं आपल्या फोनवर बसवायचे. गूगलचा कोड आपण वाटत नाही, असं म्हणता यावं म्हणून ही रचना. याचा अर्थ एवढाच की ‘रीव्हान्स्ड डाउनलोड करा’ म्हणून जी तयार फाईल मिळते ती त्यांची नसतेच, तिसऱ्याच कुणाची तरी असते. तुमच्या भावाच्या ग्रुपवर आलेली तशीच.

यूट्यूब बघायचं न्यूपाईप नावाचं अ‍ॅप हा तिसरा प्रकार. ते यूट्यूबचं अ‍ॅप फोडून केलेलं नाही, स्वतंत्र लिहिलेलं आहे. कोड सगळ्यांसमोर उघडा, गूगलचं लॉगिन त्यात नाहीच, त्यामुळे खातं जायची भीती नाही. पण यूट्यूबनं आतून काही बदललं की ते बंद पडतं आणि नवी आवृत्ती येईपर्यंत थांबावं लागतं. ७१ वर्षांच्या माणसाच्या हातात मी ते देणार नाही. आणि यूट्यूबच्या अटींत तेही बसत नाही, हे सांगून ठेवतो.

---

अभ्यासिका_२०७ · शनिवार, रात्री ११.१०

ताई, अण्णांचं वाचून वाईट वाटलं. माझी बाजूही मांडतो, कारण मी मॉड वापरतो.

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, राज्यसेवेचा चौथा प्रयत्न. खोली, मेस आणि अभ्यासिका यांचे पैसे घरून येतात, आणि ते कसे येतात ते मला माहीत आहे. माझा निम्मा अभ्यास यूट्यूबवरच्या तासांवर चालतो. मेसला चालत जाताना कानात राज्यघटना, रात्री अंथरुणात चालू घडामोडी. स्क्रीन बंद करून ऐकता येणं ही माझ्यासाठी चैन नाही, त्यानं दिवसाचा दीड तास वाचतो. कलम ३५६ चालू असताना मधोमध कर्ज देणाऱ्या अ‍ॅपची जाहिरात सुरू झाली की सूर तुटतो तो तुटतोच.

विद्यार्थ्यांचा प्लॅन ८९ रुपयांना आहे, हे सगळे सांगतात. पण त्याला कॉलेजात प्रवेश असल्याचा पुरावा लागतो. माझी पदवी २०२२ मध्ये झाली. स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी हा कुणाच्याच यादीत विद्यार्थी नसतो. बसच्या पासाचं तेच, यूट्यूबचंही तेच.

१४९ रुपये म्हणजे माझी दोन वेळची जेवणं. गूगलला माझ्या दोन जेवणांची गरज आहे असं मला मनापासून वाटत नाही.

---

चुलीवरची_सुगरण · रविवार, सकाळी ७.०५

२०७ बाळा, तुझं सगळं खरं आहे. पण ‘गूगलला’ एवढ्यावर थांबू नकोस. मी पलीकडच्या बाजूला बसलेली आहे.

गडहिंग्लजकडे आमचं घर. लॉकडाऊनमध्ये सुनेनं चॅनेल काढून दिलं. पैसे सुरू व्हायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं गेलेलं असावं लागतं. तिथपर्यंत पोचायला आम्हाला दीड वर्ष लागलं. मग शंभर डॉलर साठल्याशिवाय बँकेत काही येत नाही. पहिले शंभर डॉलर साठायला पाऊण वर्ष गेलं. नाचणीची भाकरी फुगतानाचा एक क्षण नीट पकडायला मी एका दुपारी नऊ भाकऱ्या थापल्या. शेवटी उजेड कमी पडायला लागला तेव्हा दहावी फुगली आणि तीच व्हिडिओत आहे.

जाहिरातीचे जे पैसे येतात त्यातले ५५ टक्के आम्हाला मिळतात, ४५ त्यांच्याकडे राहतात. छोट्या शॉर्ट्सवर उलटं, आम्हाला ४५. प्रीमियम घेतलेला माणूस बघतो तेव्हा जाहिरात नसते, तरी त्याच्या वर्गणीतला वाटा आम्हाला येतो. मॉडवाल्यानं बघितलं तर तो येऊन जेवून जातो आणि ताटाखाली काही राहत नाही. जेवू घालायला माझी ना नाही, पण घर चालवायचं आहे. माझी सून त्या पैशातून तिच्या मुलीची फी भरते.

तुझे राज्यघटनेचे सर फुकट शिकवतात ना, तेही याच जाहिरातीवर शिकवतात बघ.

---

अभ्यासिका_२०७ · रविवार, सकाळी ८.३०

काकू, सरांचं मी असं कधी धरलंच नव्हतं. उत्तर सुचेना म्हणून चहा पिऊन आलो. संध्याकाळी लिहितो.

---

पाटीदार_वकील · रविवार, सकाळी ११.००

कायद्याचं विचारलं नाही, तरी दरवेळी चर्चा तिकडे जाते म्हणून लिहून ठेवतो.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीनं त्यात कलम ६५अ आलं. हक्कांच्या रक्षणासाठी लावलेलं तांत्रिक कुलूप, हक्कभंग करण्याच्या हेतूनं जो चुकवेल त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘हेतूनं’ या शब्दाला इथे वजन आहे. घरात बसून जाहिरात न बघता कीर्तन ऐकणारा माणूस या कलमात कितपत बसतो, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. यूट्यूबच्या अटींचा भंग मात्र नक्की होतो. तो करारभंग, आणि त्यावर ते खातं बंद करू शकतात. ज्या खात्यात पंधरा वर्षांचे फोटो आणि मेल आहेत ते खातं.

याहून महत्त्वाचं बँकेचं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा फसवणुकीत तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला तोशीस लागत नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. ग्रुपवरून आलेली फाईल स्वतः टाकली, परवानग्या स्वतः दिल्या, हे बँक पहिल्या पानावर लिहिते. धागाकर्तीनं लगेच कळवलं ते फार बरं केलं. तक्रारीचा नंबर जपून ठेवा.

---

डिश_केबल_नगर · रविवार, दुपारी १.४५

अहिल्यानगरला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. फोनचं तुम्ही बोलताय, टीव्हीची गत याहून वाईट आहे. नवा अँड्रॉइड टीव्ही घेतला की दोन दिवसांत माणूस येतो, ‘भाऊ, सगळं फुकट दिसेल असं करून द्या.’ मी आधी करून द्यायचो. टीव्हीवर जाहिरातीशिवाय यूट्यूब दाखवणारं स्मार्टट्यूब टाकायचो, चांगलं अ‍ॅप, बनवणारा प्रामाणिक माणूस, कोड उघडा. मग २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये एका दिवशी आठ-दहा गिऱ्हाइकांचे फोन, टीव्हीनं ते अ‍ॅप आपोआप बंद केलं म्हणून. नंतर कळलं की त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला होता, सहीची किल्ली बाहेर गेली आणि काही आवृत्त्यांमध्ये भलतंच काहीतरी मिसळलं गेलं. त्यानं सगळं उघड सांगितलं, जुनी किल्ली टाकून नवं अ‍ॅप काढलं. त्याच्यावर माझा राग नाही. पण त्या दिवसापासून मी कुणाच्याही टीव्हीत बाहेरचं अ‍ॅप टाकत नाही. चांगल्या माणसाकडूनही किल्ली हरवते, आणि टीव्हीत लॉगिन असतं ते घरातल्या कर्त्या माणसाचं.

---

न्यूजर्सीकर · रविवार, दुपारी २.३०

इकडे यूट्यूबची वर्गणी भारतापेक्षा बरीच महाग पडते, म्हणून व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारं साधन) लावून भारतातल्या दरानं वर्गणी घ्यायची इथल्या बऱ्याच मंडळींची युक्ती होती. २०२४ च्या जूनपासून यूट्यूबनं अशा वर्गण्या रद्द करायला सुरुवात केली. आईबाबांसाठी घ्यायची असेल तर त्यांच्याच देशात, त्यांच्याच खात्यावर घ्या.

---

हरिप्रिया_बेळगाव · रविवार, दुपारी ३.१५

नेटफ्लिक्स, हॉटस्टारची ‘प्रीमियम अनलॉक्ड’ अ‍ॅपंही फिरतात. ती पण अशीच का? माझ्या मुलानं एक घेतलंय, त्यात काहीच लागत नाही, नुसतं गोल गोल फिरतं.

---

कंपायलर_कोथरूड · रविवार, संध्याकाळी ४.५०

ताई, ते मुलाच्या फोनमधून आजच काढा. अण्णांच्या फोनसारखंच, रीसेटसकट.

फरक समजून घ्या. यूट्यूबचे व्हिडिओ सगळ्यांना खुले आहेत, वर्गणी फक्त जाहिरात काढते आणि सोयी देते. त्यामुळे फोनमधल्या अ‍ॅपला फसवलं की काम होतं. नेटफ्लिक्सचा सिनेमा कुलपात येतो. त्याची किल्ली त्यांचा सर्व्हर देतो, आणि तीही वर्गणी चालू आहे का हे तपासून. फोनमधलं अ‍ॅप कितीही बदललं तरी सर्व्हरकडची किल्ली हाताला लागत नाही. मग ‘अनलॉक्ड’ म्हणून जे मिळतं ते एक तर दुसऱ्याचं चोरलेलं खातं असतं, किंवा चोरीच्या प्रिंट दाखवणारं दुकान, किंवा गोल फिरणारं चक्र. शेवटच्या प्रकारात अ‍ॅपचं खरं काम तुम्ही ‘परवानगी द्या’ दाबलं तेव्हाच पूर्ण झालेलं असतं.

आणि स्वस्तातली सोय येते तेव्हा लोक पैसे देतात, हे मी माझ्या मित्रांत पाहिलंय. नेटफ्लिक्सनं २०२१ च्या डिसेंबरमध्ये मोबाईलचा प्लॅन १९९ वरून १४९ केला, तेव्हा आमच्या ऑफिसातल्या तिघांनी स्वतःचं खातं काढलं. दर ठरवणाऱ्यांचीही यात जबाबदारी आहे. यूट्यूबनं २०२४ च्या ऑगस्टमध्ये एकट्याचा दर १२९ वरून १४९ केला तो एक वेळ ठीक, पण कुटुंबाचा १८९ वरून थेट २९९ केला. ती उडी मला पटलेली नाही. माझ्या मते पैसे देऊन वापरणारी घरं त्यानं पुन्हा मॉडकडे वळली.

पुढचंही सांगतो. २०२४ च्या एप्रिलपासून जाहिरात अडवणाऱ्या बाहेरच्या अ‍ॅपवर व्हिडिओ अडकवायचं यूट्यूबनं जाहीर धोरण केलंय. शिवाय २०२६ च्या सप्टेंबरपासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड इथे, आणि २०२७ पासून बाकी जगात, ओळख पटवलेल्या डेव्हलपरचंच अ‍ॅप अँड्रॉइडवर बसवू द्यायचं, असं गूगलनं ठरवलंय. जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असंही नंतर म्हणालेत. न्यूपाईपसारख्या स्वच्छ कामावर यात अन्याय होईल याची मला खरोखर काळजी आहे. फोन आपला असेल तर त्यात काय बसवायचं ते आपण ठरवावं, या मताचा मी आहे. पण अण्णांचा फोन बघितला की गूगलचं म्हणणंही खोडता येत नाही.

---

अभ्यासिका_२०७ · रविवार, संध्याकाळी ७.२०

काकू, विचार केला. माझ्या फोनमध्ये मॉड आहे त्याच फोनमध्ये यूपीआय आहे, आणि घरून आलेले पैसे त्यावरच येतात. दुपारी ते काढलं. पूर्ण प्रीमियम आत्ता परवडत नाही. ८९ चा प्रीमियम लाइट निघालाय तो एक महिना घेऊन बघतो. त्यात गाण्यांवर आणि शॉर्ट्सवर जाहिराती राहतात, पण मला दोन्ही लागत नाहीत. अभ्यासाच्या तासांवर येणार नाहीत तेवढं पुरे. आणि सरांच्या व्हिडिओखाली आज पहिल्यांदा कमेंट लिहिली. चार वर्षांत एकदाही लिहिली नव्हती.

---

चुलीवरची_सुगरण · रविवार, रात्री ८.००

पूर्वपरीक्षा झाली की इकडे ये. तांबडा-पांढरा करते.

---

माणदेशी_लेक (धागाकर्ती) · पुढचा शनिवार, रात्री ८.१५

सगळ्यांचे आभार. शुक्रवारी रजा टाकून गावी आले.

अण्णांचा फोन रीसेट केला. माझ्या कुटुंबाच्या प्लॅनमध्ये त्यांना घ्यायचा विचार होता, पण त्याला सगळे एकाच पत्त्यावर राहणारे लागतात. खोटा पत्ता लिहायचा नाही असं ठरवलं. लाइटचा विचार केला, पण अण्णांचे अभंग गाण्यांत मोडले तर जाहिरात यायचीच. शेवटी १४९ चा घेतला. आकडा ऐकून अण्णांचा चेहरा उतरला. महिन्याला १४९ म्हणजे वर्षाला १७८८, त्यांनी तोंडी हिशेब केला, कंडक्टरच ते. मग विचारलं, ‘हे पैसे महाराजांना जातात का?’ काकूंनी लिहिलेलं वाचून दाखवलं. सगळ्यांच्या वर्गणीतून जमा होतं आणि ज्याचं जेवढं ऐकलं जातं त्या प्रमाणात वाटा जातो, महाराजांनी चॅनेलवर पैसे चालू केले असतील तर. थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, ‘कीर्तनाला गेलं की आरतीच्या ताटात टाकतोच की आपण. घरी ऐकतो म्हणून ताट चुकवलं होय इतके दिवस?’ आणि खिशातून दीडशे काढून माझ्या हातावर ठेवले.

पारावरचे पाच फोनही आणून बघितले. दोघांना पैसे भरायचे नाहीत, त्यांच्या फोनमध्ये साधं यूट्यूब आणि प्रसार भारतीचं वेव्ह्ज टाकून दिलं, दूरदर्शन त्यावर फुकट दिसतं. चुलतभाऊ दिवसभर माझ्याबरोबर फिरला. प्रत्येकाच्या दारात स्वतः सांगत होता, हे मी टाकलं होतं, मला माहीत नव्हतं. त्याला मी काही बोलले नाही.

चार फोन झाले. पाचवा अडलाय. बापू म्हणून आहेत, त्यांच्या फोनमध्ये त्यांच्या बायकोचे कॉल रेकॉर्ड झालेले आहेत. आजी दीड वर्षापूर्वी गेल्या. रोज संध्याकाळी एक लावून ऐकतात. ‘शेळ्या आत घेतल्या का’ एवढंच असतं त्यात. रीसेट म्हटल्यावर त्यांनी फोन छातीशी धरला. माझ्याकडून एक जरी फाईल गेली तर मी त्यांना तोंड दाखवू शकणार नाही. काय करू?

---

कंपायलर_कोथरूड · पुढचा शनिवार, रात्री ८.३५

ताई, त्या फोनला हात लावू नका. फक्त सिम काढा, वायफाय बंद करा आणि एअरप्लेन मोडवर ठेवा, म्हणजे आतलं काही बाहेर जाणार नाही आणि बापू रेकॉर्डिंग ऐकू शकतील. सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला.

रेकॉर्डिंग या नुसत्या ऑडिओ फाईल असतात, त्या सुखरूप निघतात. पण काही फोनमध्ये फाईलच्या नावात नंबर आणि तारीख असते, काहींमध्ये नसते. नुसती कॉपी केली तर कुठली कधीची ते बापूंना कळणार नाही. त्यामुळे घाई करून पेनड्राइव्हवर ओतू नका. फोनची कंपनी आणि मॉडेल इथे लिहा.

उद्या सकाळी साताऱ्याला सासुरवाडीला येतोय, तिथून म्हसवड मला लांब नाही. केबल, दोन पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप घेऊन येतो. बापूंसमोर बसून एकेक फाईल वाजवून बघू आणि ते म्हणतील ते नाव देऊ. रीसेट त्यानंतर.